म्हाताऱ्या घोडीला ठेवायचं कुठे? कळमेश्वर रोडवरच्या एका तबेल्याबद्दल

नागपुरात वरातीसाठी घोडी पाहिजे म्हटलं तर एका फोनवर मिळते. तीच घोडी म्हातारी झाली, गुडघ्यात धरली, की तिला ठेवायला जागा मिळता मिळत नाही. मला एक जागा मिळाली, गेल्या पावसाळ्यापासून आमची घोडी तिथे आहे, आणि तिथलं काम मला मनापासून पटलं. काय चांगलं आहे आणि काय कमी पडतं, दोन्ही सविस्तर लिहिते. जागेचं नाव मात्र लिहीत नाही, मालकांनीच तसं सांगितलंय. त्यांची थोडी ख्याती पसरली तेव्हा लोक रात्रीतून फाटकाला लंगडे घोडे बांधून निघून गेले होते. जागा मोजकी, आणि आलेलं जनावर उपाशी ठेवणाऱ्यांतले ते नाहीत. ज्याला खरी गरज आहे त्याने शहरातल्या जुन्या नालबंदांकडे चौकशी करावी, पत्ता मिळेल.

आधी घोडीबद्दल सांगते, म्हणजे मी काय शोधत होते ते कळेल. बिजलीला माझ्या सासऱ्यांनी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलं. पांढरी, उंच, फटाक्यांना न बिचकणारी. आमचा वरातीचा धंदा तिच्यावरच उभा होता. कागदपत्रं काही नाहीत, वय दातावरून. घोड्याच्या वरच्या जबड्यात पुढच्या दातांपैकी अगदी कडेचा जो दात असतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला एक तपकिरी खाच असते. साधारण १०व्या वर्षी ती हिरडीजवळ दिसायला लागते, १५व्या वर्षी अर्ध्या दातापर्यंत उतरते, २०व्या वर्षी दातभर होते आणि त्यानंतर हिरडीकडून पुसत जाते. हे मला सासऱ्यांनी ओठ उचलून दाखवलं होतं. बिजलीच्या दातावर ती खाच आता खालच्या अर्ध्यातच उरली आहे, म्हणजे ती पंचविशीच्या आसपास आहे. हा अंदाज वर्षा-दोन वर्षांनी इकडेतिकडे होऊ शकतो, पण म्हातारी आहे यात वाद नाही. घोडं विशीनंतर म्हातारं धरतात, नीट ठेवलं तर ते २५-३० वर्षं जगतं. म्हणजे धंद्यातून काढल्यावरही त्याच्या आयुष्याची पाच-दहा वर्षं बाकी असतात. ती वर्षं कोण बघणार, हा प्रश्न आमच्या धंद्यात कुणी विचारत नाही. घोडी विकली जाते. घेणारा तिला आणखी हलक्या कामाला म्हणून नेतो आणि प्रत्यक्षात आणखी जड कामाला लावतो. मला ती विकायची नव्हती.

शहरातल्या तबेल्यात तिला जागा होती, पण तिथे दावणीला अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोर लावून, बांधून दिवस काढायचे. धाकट्या घोड्यांना ते चालतं, कारण ते रोज कामावर जातात. संधिवात झालेल्या घोडीला दिवसभर एका जागी उभं ठेवलं की सांधा आणखी आखडतो.

मग बाकीच्या जागा पाहिल्या. एका ठिकाणी "आमच्याकडे म्हातारे घोडे सांभाळतो" म्हणाले आणि संध्याकाळी त्याच घोड्यांवर लहान मुलांच्या फेऱ्या चाललेल्या दिसल्या. दुसऱ्या एकाने खिडकीत डायक्लोफिनॅकच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या, दुखलं की टोचायचं म्हणून. जनावरांसाठी हे औषध २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडांची किडनी जाते. देशातली गिधाडं त्यानेच संपत आली. तरीही कोणी ते वापरतं म्हणजे त्या जागी डॉक्टरचा पाय पडत नाही, एवढं कळलं आणि मी परत फिरले.

एका गोशाळेने फुकट घेतो म्हटलं. माणसं प्रेमळ होती, जागा स्वच्छ होती. पण चारा-खाद्य गाईंचंच देणार होते. हे इथे ठळक लिहिते, कारण बरेच लोक म्हातारं घोडं गोशाळेत नेऊन सोडतात: गाईंच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. गाईला ते पचतं, घोड्याला थोडंसं गेलं तरी हृदयावर जातं आणि घोडं मरतं. पोत्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय गाईचं खाद्य घोड्यापुढे ठेवू नका.

आणि अनेकांनी मला सल्ला दिला तो असा, की "सोडून द्या मोकळी कुठे रानात, पुण्य लागेल." मोकळं सोडलेलं म्हातारं घोडं रानात चरत नाही. त्याला चावता येत नाही, पाण्यापर्यंत चालवत नाही, ते रस्त्याच्या कडेला उकिरड्यावर येऊन उभं राहतं आणि प्लास्टिक खातं. रिंग रोडने रात्री जाणाऱ्यांनी असे घोडे पाहिले असतील.

आता या तबेल्याबद्दल. कळमेश्वर रोडवरून आत एका पांदणीने जावं लागतं. बाहेरून पाहिलं तर काही खास नाही. हिरवंगार कुरण नाही, पांढरे कठडे नाहीत, पत्र्याचं छप्पर, त्यावर तणस पसरलेलं, मागे चार-पाच जुनी कडुनिंबं. मला पहिल्या नजरेत आवडला तो मुरूम. आपल्याकडची काळी माती पावसात खुराला अशी चिकटते की निघता निघत नाही, खूर आठवडाभर ओलाच राहतो, तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागाला घाण वास येतो आणि तो कुजायला लागतो. यांनी सगळा आवार मुरूम टाकून उंच केलाय, उतार काढलाय, पाणी थांबत नाही. हा खर्च जमिनीत जातो, कुणाला दाखवता येत नाही. तो ज्याने केला त्याला घोडं कळतं, असं माझं मत झालं.

तिथे सगळं बघणारे भाऊ आहेत, मूळचे मोतद्दार, आयुष्य घोड्यांत गेलेलं. मी बिजलीला टेम्पोतून उतरवलं तेव्हा मला वाटलं ते वय विचारतील, काय खाते ते विचारतील. त्यांनी विचारलं, "वैनी, रात्री आडवी होते का जी घोडी?" मी म्हटलं, उभ्यानेच झोपते, घोडे तसेच झोपतात ना. ते काही बोलले नाहीत. खाली बसले, तिच्या पुढच्या पायांवरून हात फिरवला आणि खुराच्या वरच्या सांध्यावर पुढच्या बाजूला केस गेलेले, खपली धरलेले दोन चट्टे मला दाखवले. शहरातल्या तबेल्यातल्या पोराने ते दगड लागल्याचे म्हणून त्यावर हळद लावली होती.

भाऊंनी जे सांगितलं ते नंतर डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. घोड्याच्या पायात स्नायू-सांध्यांची अशी रचना असते की पाय अडकवून तो उभ्याउभ्या डुलकी घेऊ शकतो. पण गाढ झोप, स्वप्नाची झोप, त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. दिवसाला अर्धा-एक तास तरी ती लागते. गुडघा दुखणारं म्हातारं घोडं आडवं व्हायला भितं, कारण एकदा बसलं की उठवेल की नाही याची त्याला खात्री नसते. अरुंद जागा असेल, खाली फरशी असेल, तर ते बसतच नाही. मग कित्येक दिवसांची झोप साचते आणि उभ्यानेच गाढ झोप लागली की पुढचे गुडघे मुडपतात, घोडं कोसळता कोसळता जागं होतं. दर वेळी त्याच जागी खरचटतं. चट्टे होते ते या झोपेचे.

या एका प्रश्नासाठी मी त्या जागेला पूर्ण गुण देते. मी पाहिलेल्या दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी हे कुणी विचारलं नाही.

त्यांनी बिजलीला बांधलं नाही. आवाराच्या एका कोपऱ्यात नदीच्या वाळूचा मोठा ढीग पसरून एका बाजूने उतरता केलेला आहे. उतारावर घोडं पाठ वरच्या अंगाला आणि पाय खालच्या अंगाला करून लोळलं तर उठताना त्याला कमी जोर लागतो, असं भाऊंचं म्हणणं. सुरुवातीला बिजली वाळू हुंगून परत यायची. त्यांनी तिच्याजवळ एक शांत, वयस्कर घोडा सोडला, कारण कळपातलं एक जण जागं आणि उभं असल्याशिवाय घोडं बिनधास्त आडवं होत नाही. मग एकदा मी सकाळी लवकर पोचले तेव्हा ती आडवी होती. पूर्ण एका कुशीवर, मान लांब, खालचा ओठ वाळूला टेकलेला, वाळूचे कण ओठाच्या केसांना चिकटलेले, पापणीखाली डोळा हलतोय आणि पुढचा एक पाय बारीक बारीक झटके देतोय. तिला असं झोपलेलं मी आमच्या घरी कधीच पाहिलं नव्हतं. मी फाटकाशीच थांबले. भाऊंनी हातानेच खूण केली, आत येऊ नका. पायावरचे चट्टे त्यानंतर भरत आले, आता तिथे बारीक पांढरे केस आलेत.

खाण्याचं. म्हाताऱ्या घोड्याचं सगळं दुखणं दातांशी येऊन थांबतं. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून चावून तितकेच झिजतात. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्या दाढांना आतून धारदार कडा येतात. गाल आणि जीभ कापली जाते. आणि एक वय आलं की दाताचा साठाच संपतो. बिजली कडबा तोंडात घ्यायची, चघळायची आणि अर्धवट चावलेला लोळा खाली टाकायची. गव्हाणीखाली असे ओले लोळे दिसले की समजायचं, पोट भरत नाहीये. इथे आल्यावर डॉक्टरांकडून तिच्या दाढा कानशीने घासून घेतल्या. त्याला भूल द्यावी लागते आणि तोंड उघडं ठेवायला लोखंडी चौकट लागते, त्यामुळे हे काम कुणाही माणसाकडून करून घेऊ नये. वर्षातून एकदा तरी लागतंच.

आता तिला लसूणघासाची बारीक कुट्टी, भिजवून. गव्हाचा कोंडा, भिजवून. हरभरा थोडा, तोही रात्रभर भिजवून आणि ठेचून, कारण कोरडा हरभरा घाईने गिळला तर घशात अडकतो. आणि शिजवलेलं जवस. जवस आपल्या विदर्भातलं, आमच्या घरी त्याची चटणी व्हायची. इथे मोठ्या गंजात ते चांगलं खदखदेपर्यंत शिजवतात, बुळबुळीत झालं की कोंड्यात मिसळतात. कच्चं नुसतं कोमट पाण्यात भिजवून ठेवायचं नाही, त्यात विषारी द्रव्य तयार होतं. उकळी आली की तो धोका जातो. दिवसभराची चंदी दोन वेळा न घालता चार वेळा, थोडी थोडी. घोड्याचं पोट लहान असतं आणि त्याला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे एकदम जास्त पडलं की पोटशूळ. आमच्याकडे काही जण म्हाताऱ्या घोड्याला मऊ म्हणून नुसता कोंडाच घालतात, त्याबद्दलही भाऊ जागरूक आहेत. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या चेहऱ्याची हाडं ठिसूळ होऊन फुगतात. लसूणघास कॅल्शियमचा, म्हणून जोडीला तो. तुरीचं कुटार येतं तेही पाणी मारूनच घालतात, धुळीने म्हाताऱ्या घोड्याला दमा लागतो.

गुळाबद्दल इथे फार कडक आहेत आणि त्यावरून लोकांशी वाद होतात. दसऱ्याला आणि शनिवारी लोक गूळ-चणे घेऊन येतात, श्रद्धेने. कुणी काळ्या घोड्याची नाल मागतं. नाल देतात, गूळ घालू देत नाहीत. मी याच्या पूर्ण बाजूने आहे. म्हाताऱ्या घोड्यात एक आजार येतो, मेंदूतल्या एका ग्रंथीचा, १५ वर्षांच्या पुढे तो बराच दिसतो. हिवाळ्यात वाढलेले केस उन्हाळा आला तरी झडत नाहीत, अंगावर लांब कुरळी लव राहते, पाठीवरचं मांस उतरतं, तहान वाढते. बिजलीला तोच आहे असं डॉक्टरांचं मत आहे. अशा घोड्याला गोड किंवा फार धान्य पडलं तर खुराच्या आतल्या नाजूक पडद्यांना सूज येते. खुराच्या आतलं हाड त्या पडद्यांनी भिंतीला टांगलेलं असतं. पडदे सुटले की हाड खाली फिरतं, आणि घोडं पुढच्या पायांवरचं वजन काढून मागे रेलून उभं राहतं. जिवंतपणी घोड्याला याहून मोठी वेदना क्वचितच असेल. भाऊ रोज सकाळी प्रत्येकाच्या खुराला हात लावून गरम आहे का बघतात आणि खुराच्या वर मागच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी बघतात. तिथली नाडी नेहमी जेमतेम लागते. ठणठण लागली तर काहीतरी बिघडलंय.

नालबंद दर सहा-सात आठवड्यांनी येतात. बिजलीच्या नाली काढून टाकल्या, ती आता डांबरी रस्त्यावर चालत नाही, तिला लोखंडाची गरज नाही. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, पण खुराचं पुढचं टोक लांबलं की सगळा ताण पायाच्या मागच्या शिरांवर येतो. नालबंद चाचांची एक गोष्ट सांगायलाच हवी. ते पाय उचलताना उंच उचलत नाहीत. तरुण घोड्याचा पाय ते स्वतःच्या मांड्यांत धरतात, बिजलीचा पाय जमिनीपासून वीतभरच उचलून स्वतः खाली वाकून काम करतात आणि मध्येमध्ये तिला तो टेकू देतात. त्यांचं स्वतःचंही वय झालंय. त्यांना मी म्हटलं, चाचा, तुमच्या कमरेला त्रास होतो. म्हणाले, "इस के घुटने को ज़्यादा है."

नागपूरचा उन्हाळा हा खरा परीक्षेचा काळ, आणि तो त्यांनी चांगला निभावला. नवतप्यात पारा ४५-४६वर असताना, अंगावर लांब केस असलेलं म्हातारं घोडं तापून जातं. त्यांनी उन्हाळ्याआधीच मशिनने तिचे केस उतरवले. दुपारी छपराखाली तुषार सोडले, पंखे लावले आणि पाणी दिवसातून अनेकदा बदललं. घोड्याला एरवी दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागतं, अशा उन्हात ते दुप्पट होतं, आणि हौदातलं पाणी चहासारखं तापलेलं असेल तर ते तोंड लावत नाही. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकू नये, स्नायू आखडतात, असं जुन्या लोकांत म्हणतात. ते खरं नाही. इथे सरळ अंगभर पाणी ओततात, ओततच राहतात. बाजूला सैंधवाचा मोठा खडा टांगलेला असतो. कुशी बघून श्वास मोजतात. आरामात उभ्या घोड्याचा मिनिटाला ८ ते १६, त्याहून जास्त चालला तर गुदद्वारात थर्मामीटर लावतात. ९९ ते १०१ फॅरनहाइट ठीक. हे सगळं एका लांबट वहीत लिहिलेलं असतं, प्रत्येक घोड्याचं पान वेगळं. वही कुणालाही बघता येते.

एक गोष्ट काहींना जाचक वाटेल. नवीन घोडं आलं की त्याला वेगळं ठेवतात, आणि ग्लँडर्सची रक्त तपासणी झाल्याशिवाय आत घेत नाहीत. हा आजार माणसालाही होतो, आणि निदान झालं की कायद्याने घोडं मारावंच लागतं. याची देशातली मुख्य प्रयोगशाळा हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात आहे, त्यामुळे अहवाल यायला वेळ लागतो. तोवर थांबायचं. माझ्यासमोर एकजण यावरून भांडून निघून गेले. मला तर उलट याने धीर आला. धनुर्वाताचं इंजेक्शन दरवर्षी, आणि पावसाळ्यानंतर घोडमाश्या वाढल्या की त्यांच्यामुळे पसरणाऱ्या सर्रा या रक्ताच्या आजारासाठी काचेवर रक्त घेऊन तपासणी, हेही ते आपणहून करून घेतात.

आता जे पटलं नाही ते.

पांदण पावसाळ्यात जवळजवळ बंद होते. मुरूम आवारात टाकला, रस्त्यावर नाही. रस्ता त्यांचा नाही हे मान्य, पण भर पावसात घोड्याला पोटशूळ उठला तर गाडी आत जाणार कशी याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. रात्री डॉक्टर मिळत नाही ही तर नागपुरातल्या सगळ्याच घोडेवाल्यांची अडचण. सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेज आहे, १९५८पासूनचं, म्हणजे आपण विदर्भातल्या बऱ्याच गावांपेक्षा नशीबवान. पण तिथपर्यंत घोडं न्यायला रात्री वाहन लागतं, आणि तबेल्याकडे स्वतःचं वाहन नाही. घोडं ठेवण्याआधी आपल्या ओळखीच्या टेम्पोवाल्याशी बोलून ठेवा, मी तसं करून ठेवलंय. पश्चिमेच्या बाजूला दुपारी चारनंतर सावली नाही, तिथे हिरवी जाळी तरी बांधा असं मी म्हटलंय, अजून झालेली नाही.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे, आणि त्यावर मी भाऊंशी आणि मालकांशी बोलले आहे. शेवटाबद्दल तिथे कुणी बोलत नाही. माझ्यासमोर एक घोडा उठेनासा झाला. त्याला पट्ट्यांनी बांधून, माणसं लावून उभा करायचे, तो पुन्हा पडायचा. कुशीला जखमा झाल्या. डॉक्टरांनी दया-मरणाचं इंजेक्शन सुचवलं तर "आपल्यात असं करत नाहीत, तो आपल्या मौतीने जाईल" म्हणाले. त्यांची माया खरी आहे, मी रोज बघते. पण जे घोडं परत उठणार नाही, त्याचं वजनच त्याचा जीव घेत असतं. पडल्या पडल्या खालचे स्नायू मरतात, फुप्फुसं दबतात. १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातही, ज्या जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल त्याला मरण देण्याची वाट ठेवलेली आहे.

मला इथे डोरोथी ब्रूक या बाईंची आठवण होते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांच्या लष्कराने आपले घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले होते. १९३०मध्ये ही बाई कैरोला गेली तेव्हा ते लढाईतले घोडे, आता म्हातारे, हाडांचे सापळे झालेले, दगडखाणीत आणि गाड्यांना जुंपलेले तिला दिसले. तिने वर्तमानपत्राला पत्र लिहून पैसे जमवले आणि काही वर्षांत असे सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. त्यातल्या बहुतेकांना तिने काही दिवस पोटभर खाऊ घातलं, मऊ जागेत झोपू दिलं, आणि मग शांत मरण दिलं. वाचवता येण्यासारखे फार थोडे होते. १९३४मध्ये तिने कैरोत उभारलेल्या दवाखान्यातून पुढे जी संस्था वाढली ती आज भारतातही कष्टकरी घोडे-गाढवांसाठी काम करते. तिला घोड्यांबद्दल माया नव्हती असं कोण म्हणेल?

मी माझ्यापुरतं मालकांकडे लेखी दिलं आहे: बिजली बसली आणि डॉक्टरांनी ती उठणार नाही म्हटलं तर तिला ओढून उभं करायचं नाही, मला फोन करायचा, इंजेक्शनचा निर्णय माझा. त्यांनी तो कागद वहीत तिच्या पानाला लावून घेतला, नाराजीने, पण घेतला. तुम्ही घोडं ठेवलंत तर पहिल्याच दिवशी असा कागद द्या. ऐन वेळी रडत असताना तो लिहिता येत नाही.

पैशाचं. शहरातल्या तबेल्याला मी जे देत होते त्याच्या साधारण दीडपट जातात. त्यात खाणं, जागा, रोजची देखभाल, खरारा आला. डॉक्टर, औषध, नालबंद वेगळे, आणि त्यांची चिठ्ठी दाखवूनच पैसे मागतात. दोनदा लसूणघास महागला तेव्हा आधी सांगून वाढवले, नंतर कमीही केले. सांधेदुखीवर मेलोक्सिकॅम डॉक्टर सांगतील तेव्हाच आणि तेवढंच देतात, रोज उठून देत नाहीत, कारण अशा औषधांनी पोटात व्रण पडतात. हिशेबात मला कधी खोट दिसली नाही.

कुणासाठी ही जागा नाही तेही लिहिते. लग्नाचा हंगाम संपला म्हणून चार महिने घोडी बांधायची आणि पुन्हा न्यायची, असा विचार असेल तर ते घेत नाहीत. तट्टू असो की घोडी, एकदा आलं की कामाला परत देत नाहीत, तसं लिहून घेतात. वळू घोडा घेत नाहीत, म्हाताऱ्या माद्यांत तो राहू शकत नाही. महिन्यातून एकदाही येणार नसाल तर तेही त्यांना चालत नाही. मालक आला पाहिजे, घोडं बघितलं पाहिजे, वहीवर सही केली पाहिजे, असा त्यांचा नियम आहे.

जाताना घोड्याची जुनी मोरखी आणि अंगावरची झूल बरोबर न्या, ओळखीच्या वासाने ते लवकर रुळतं. आधीचं खाद्य आठवडाभर पुरेल एवढं न्या, कारण नवीन खाद्यावर एकदम आणलं तर पोट बिघडतं, हळूहळू बदलावं लागतं. लसीकरणाचा कागद असेल तर न्या. गूळ नेऊ नका. आणि सकाळी जा, १० च्या आत. दुपारी भाऊ घोड्यांना पाणी मारण्यात असतात, तेव्हा ते कुणाशी बोलत नाहीत.